होळीत गेलेली वाळुंज

चौथीतून शाळा सुटली आणि लग्न होऊन मी कोकणातून प्रवरेकाठी आले. मालक लढाईवर गेले. घरात मी आणि सासूबाई. माहेर फार लांब. पण सासूबाईंनी मला कधी टाकून बोललं नाही, आधी माझ्या ताटात वाढलं. ते मी विसरणार नाही.

आमची विहीर नदीच्या दरडीला लागून. आदल्या पुरात दरड ढासळली आणि नदी थेट धावेजवळ आली. धाव म्हणजे मोट ओढताना बैल चालतात तो उतार. ती गेली की मोट बंद, मळा वाळलाच. मला झोप लागेना.

सासूबाई म्हणाल्या, "रडून काय व्हतंय? वाळुंज लावू."

वाळुंज हे नदीकाठचं झाड. त्याच्या हातभर फांद्या तोडायच्या, डोळे वर ठेवून ओल्या दरडीत तिरक्या ठोकायच्या. मुळं धरली की माती हलत नाही. थंडीभर आम्ही दोघी तेच करत होतो. फाल्गुनात डोळे फुटले.

होळीच्या दिवशी पाहते तर धावेखालची दरड उघडी. खुंट्यांच्या जागी नुसती भोकं!

होळीला लाकूड न विचारता न्यायचं, त्याला म्हणे चोरी म्हणत नाहीत. संध्याकाळी गावात गेले तर तरण्या पोरांनी आमची वाळुंज होळीवर रचलेली, पोपटी फुटव्यांसकट. ओलं लाकूड पेटेना, धूर नुसता. सुनेने पुरुषांपुढे तोंड उघडायचं नसतं. मी उघडलं.

"मेल्यांनो, आमची विहीर जाळताय!"

गळा फाटेस्तोवर ओरडले. तेही तोंडावर हात मारून बोंबलतच होते.

"वैनी बी बोंब मारती रं! लई झ्याक!"

आणि हसले. माझ्या अंगाची लाही झाली.

सासूबाई पुढे झाल्या, खुंट्या ओढून काढू लागल्या. एकजण ओरडला, "मावशे, होळीतलं लाकूड माघारी घेत न्हाईत!"

"व्हय का? मंग नदीला जाऊन सांग, म्हातारीची धाव घेत न्हाईत."

धुराने काळवंडलेल्या त्या खुंट्या आम्ही परत ठोकल्या. एकही फुटली नाही. श्रावणात पूर आला. वाळुंज जिवंत होती तिथे दरड उभी राहिली. धावेखालची दरड मात्र ढासळली आणि धाव गेली. विहीर उरली, पाणी उरलं, बैल उभे करायला जागा नाही.

पाऊस सरल्यावर, दुसऱ्या अंगाला नवी धाव होईपर्यंत, आम्ही दोघींनी पोहऱ्याने पाणी शेंदून वांगी जगवली. दर पोहऱ्याला मी त्या बोंबलणाऱ्यांना शिव्या घालायची. सासूबाई म्हणायच्या, "घाल, पर दोर सोडू नको."