खुंटाचा घेर

देऊळघाटच्या पुढे जंगलातली झाडं मोजायला गेले, तेव्हा टेप धरायला गावकऱ्यांनी एक म्हातारा सोबत दिला. नाव विचारायचं राहूनच गेलं. झाडाच्या घेरावरून त्यात किती कार्बन साठलाय ते आम्ही काढतो. हे त्याला समजावायला लागले, तर तो हसला.

"मले काय सांगता मॅडम? जिंदगीभर कोयशाची भट्टी लावली म्या."

उभं झाड नुसतं पाहून त्यातून किती कोळसा निघेल, हे तो तेव्हा सांगायचा म्हणे. हातांवर भाजल्याचे डाग अजून होते. टेप लावण्याआधी तो सालीवर तळवा फिरवून घेर सांगून टाकायचा आणि बोटभरही चुकायचा नाही. मला जरा रागच यायचा. खोडावर मुंग्यांची रांग दिसली, की "जाऊ द्या त्याईले" म्हणत ती सरेपर्यंत थांबायचा.

दुपारी एका जुन्या, तोडलेल्या धावड्याच्या खुंटाला त्याने टेप गुंडाळली.

"हे लिहा."

"तोडलेली नाही मोजत, बाबा."

"काऊन? उभ्या झाडातला कोयसा लिहून राह्यल्या तुमी. मंग म्या जाळला, तो कोन लिहीन?"

माझ्या तक्त्यात त्यासाठी रकाना नव्हता. तरी खालच्या कोऱ्या जागेत मी धावडा लिहिला, तोडलेला लिहिलं, घेर लिहिला. मी पेनचं टोपण लावेपर्यंत तो खुंटाशी वाकूनच होता. टेप सोडली नव्हती.