सर, पिंगळी गेली!

परभणीत आमचं सर्व्हेचं छोटंसं ऑफिस आहे. कदम सर मालक. सलीमभाई रानोमाळ फिरून मोजणी करणार आणि मी कॉम्प्युटरवर त्या मोजणीच्या रेषा दुरुस्त करणार. तिघंच माणसं, पण किस्से एवढे साचलेत की हार्ड डिस्कला झेपायचे नाहीत!

*

मी नवीनच होते. पिंगळीकडच्या रस्त्याच्या दोन रेषा जोडायच्या होत्या. जोडल्या. "सर, जुळल्या!"

सरांनी माऊसनं चित्र जरासं आडवं फिरवलं. बाजूनं बघितलं तर एक रेष जमिनीवर, दुसरी आभाळात!

"मॅडम, वरून बघितलं की समदंच जुळतंय."

मग मीही फिरवून बघायला गेले, तर स्क्रीन काळी ठार.

"सर, पिंगळी गेली!"

"कुठं गेली?"

"काय माहीत! आत्ता तर होती!"

*

चारठाण्याकडचा एक ओढा होता. त्याच्या रेषेवरच्या एका बिंदूला उंची द्यायची मी विसरले. उंची नाही म्हणजे शून्य, थेट समुद्रसपाटी! ओढा बिचारा नीट वाहत येतो अन् मधेच चारशे मीटर खाली कोसळतो.

सर स्क्रीनजवळ वाकले. "सलीमभाई, इथं धबधबा हाय का?"

"काय की सर... तिथं तर म्हशी बसतात!"

*

एकदा टेकडीच्या उंचीच्या आकड्यांपुढं वजाचं चिन्ह पडलं. नेमका सलीमभाईंचा फोन. "ताई, नकाशात बघा, मी कुठं हाय?"

"खड्ड्यात."

"ओ, मी टेकडीवर धापा टाकायलोय!"

"इथं तर खड्डाच दिसतोय, भाई."

पलीकडं नुसत्या धापा. मग हळूच आवाज आला, "मग आता मी उतरू का चढू?"

*

एक म्हातारे शेतकरी आपलं वावर स्क्रीनवर बघायला आले. बघून घाबरलेच. "माझ्या वावरात एवढ्या वायरी कुणी टाकल्या?"

"बाबा, त्या सारख्या उंचीच्या रेषा आहेत. रानात नसतात, फक्त नकाशात असतात."

"मंग काढून टाका की! आधीच एक खांब नांगराला आडवा येतोय!"

*

आणि हे दोघे सख्खे भाऊ. वावरं शेजारी-शेजारी, बोलणं बंद. पावसाचं पाणी कुणाच्या रानातून कुणाच्या सोयाबीनमधी शिरतं, यावरून वाद. दोघंही म्हणायचे, पाणी दुसऱ्याकडून येतं. दोन मोटरसायकलींवर आले आणि बाकाच्या दोन टोकांना बसले.

मी उताराची रेष दाखवली. "थोरल्यांकडून धाकट्यांकडं उतार आहे."

धाकटा खूश! तेवढ्यात माऊस निसटला, चित्र जमिनीखालून दिसायला लागलं आणि उतार उलटा झाला.

थोरला ताडकन उठला. "बघा! मी काय म्हणत हुतो?"

सरळ करायला गेले. झालं. पुन्हा निसटलं. आता मलाच कळेना, वर कुठलं अन् खाली कुठलं.

"ताई, पाणी एकदा ठरवा की!" थोरला वैतागला आणि थेट भावाकडं वळला. "बापू, बांधावरच्या चिंचेपाशी पाणी कुठून यायचं रं?"

धाकटा गडबडला. "तुझ्याकडूनच की, दादा. आपुन मासे धरायचो न्हाई का तिथं?"

"लय मासे हुते," थोरला म्हणाला.

मग दोघंही उठले. जाताना एकाच गाडीवर बसून गेले. दुसरी गाडी आमच्या दारातच राहिली!

दुसऱ्या दिवशी परत आले. एका गाडीवर तिघं, मधे त्यांची आई. म्हातारी आत आली, माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसली, पदर सारखा केला आणि म्हणाली,

"बाई, ते पाणी पुन्हा एकदा उलटं करून दाखव."