सव्वीस जानेवारीची जिलबी

सव्वीस जानेवारीला आमच्या कोल्हापुरात गल्लोगल्ली जिलबी तळतात. शेजारच्या शांताला मी दरवर्षी बशीभर देते. यंदा गेले, तर ती नवऱ्याच्या फोटोला हार घालत होती.

"आज कसला हार गं?"

"आजच्याच तारखेला गेले की ते. तुम्हीच होता माझ्याजवळ बसून, आक्का."

बसले होते, दिवसभर. कॅलेंडरात ती तारीख तांबडी असते. देशाचा सण, कुणाचा वाढदिवस, कुणाचं मरण, सगळं त्या एका चौकोनात मावतं. मी त्यातलं फक्त गोड वाचलं.

"इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"हौसेनं आणता तुम्ही," म्हणत तिनं तुकडा मोडून तोंडात घातला. मी तिला अडवलंही नाही.