झेंडूची नक्षी

चरित्राचा धडा काढला की माझ्या वर्गातली पोरं जांभया द्यायची. "अमुक यांचा जन्म अमुक गावी एका गरीब कुटुंबात झाला" इथवर येईपर्यंत मागच्या रांगेतल्या मुली एकमेकींच्या वेण्या घालत बसलेल्या असायच्या. मला राग पोरांचा यायचा नाही, त्या वाक्याचा यायचा. सगळ्यांचे जन्म एका साच्यातले आणि शेवटही ठरलेला: त्यांची प्राणज्योत मालवली. अहो, मधे तो माणूस कधी घाबरला का, कधी हसला का, काही सांगाल की नाही?

ही गोष्ट पन्नास सालानंतरची. रावेतच्या बाजूला, पवनेच्या काठावर आमची दोन खोल्यांची शाळा होती. मी ट्रेनिंग संपवून पुण्याहून नुकती आलेली आणि दुसरीचा वर्ग माझ्याकडे. तिकडे पिंपरीला औषधांचा कारखाना उभा राहत होता. त्यातलं आमच्यापर्यंत एवढंच पोचायचं, यंत्रांच्या खोक्यांचे जाड जाड पुठ्ठे. ते चिंचवडच्या बाजारात दिसले आणि मी ठरवलं, आपणच पुस्तक करायचं. मोठ्ठं, चित्रांचं. आणि चरित्राचंच करायचं, बघू कोण जांभई देतंय ते!

कुणाचं करायचं, हा प्रश्न मला पडलाच नाही. वर्गातली निम्मी पोरं नदीपलीकडच्या वस्तीवरून यायची. त्यांना रोज आणायची आणि न्यायची ती होडीवाली आजी. तिचा नवरा गेला तेव्हा भाऊबंद म्हणाले होते, नाव विकून टाक. तिनं विकली नाही. पदर खोचला आणि वल्हं हातात घेतलं.

हेडमास्तरांना सांगितलं तर त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "बाई, चरित्र थोरांचं लिहितात. होडीवालीचं कुणी लिहितं का?"

"कुणी लिहीत नसेल तर मी लिहिते."

"त्यातून मुलांना बोध काय?"

"आधी वाचू तर देत. बोधाचं मग बघू."

माणूस भला होता, पण बोध म्हणजे त्यांचा जीव की प्राण.

आता गंमत बघा. पहिला मजकूर मीही जन्मापासूनच लिहिला. सवय हाडात मुरलेली, दुसरं काय! वर्गात वाचला आणि दुसऱ्याच वाक्याला जांभई. मी चिडून कागद टराटरा फाडला. "मग काय लिहू? तुम्हीच सांगा!" पोरं आधी घाबरली. मग पुढच्या रांगेतली एक मुलगी हळूच म्हणाली, "बाई, आजीला नाव हाकता येत नव्हती, तवा ती काय करायची?"

हेच तर हवं होतं! मी त्याच संध्याकाळी होडीत जाऊन बसले आणि आजीला विचारलं, पहिल्या दिवशी काय झालं?

"काय व्हायचंय? नाव गरागरा फिरली, जात्यावानी. काठावरची बाप्यामाणसं पोट धरून हसली."

"मग?"

"मग काय! ती हसून हसून दमली, आन् मी पोचले."

हेच माझं पहिलं पान झालं. जन्म नाही, गाव नाही, गरीब कुटुंब नाही. नदीच्या मधोमध गरगरणारी नाव आणि खाली एकच ओळ. पुढेही तसंच. चित्रात पूर दिसतोय तर पूर आला म्हणून लिहायचं नाही. पोर चित्रात जे शोधून काढतं ते त्याचं स्वतःचं होतं. आपण ते आधीच सांगून मोकळं व्हायचं नसतं. परीक्षकही घरचेच होते. मी आजीचे हात गोरेगोमटे, निमुळते काढले, तर पोरांनी नाक मुरडलं. "हे आजीचे न्हाईत. तिच्या बोटांस्नी गाठी हायत." पुन्हा काढले. त्यांना पटेपर्यंत काढत राहिले.

पुस्तक झालं. मुखपृष्ठावर आजीचा चेहरा, पानभर. भोवती जागा उरली होती, तिथं मी चारी बाजूंनी झेंडूच्या फुलांची नक्षी काढली. माझा आवडता रंग. पलीकडची पोरं पुस्तक घरी न्यायला हटून बसली, मीही दिलं. आजी तेव्हा हिंजवडीला लेकीकडे गेली होती आणि नाव भाचा हाकत होता.

झालं! पलीकडच्या वस्तीत भिंतीवर तसबीर लागायची ती गेलेल्या माणसाची, आणि हार पडायचा तोही गेलेल्याच्याच तसबिरीला. आमच्या घरीही तसंच होतं, नाही कशाला म्हणू? पण मी हार काढला नव्हता, नक्षी काढली होती! ते ऐकतंय कोण? त्यात पोरांना शाळेतून एवढं पक्कं ठाऊक की पुस्तकात चरित्र येतं ते मेलेल्याचंच. म्हातारी हिंजवडीला गेली आणि तिकडंच गेली, असं वस्तीनं धरलं. मोठ्यांपैकी कुणी आत पान उलटून बघितलं नाही. आजीची बहीण सांगवीहून ऊर बडवत आली. दुसऱ्या दिवशी आजी डोक्यावर शेंगांचं गाठोडं घेऊन परतली, तर तिच्याच अंगणात बायका गळा काढून रडत होत्या.

सोमवारी माझा निम्मा वर्ग रिकामा. मी काठावर धावले. पलीकडून नाव येत होती, आत पोरं नव्हती. आजी एकटी, काखेत पुस्तक.

"काय गं मास्तरीण, जित्तेपणी हार घातलास व्हय मला?"

"आजी, ती नक्षी आहे."

"नक्षी! माझी भैन त्या नक्षीपायी भुईवर लोळली!" तिनं पुस्तक माझ्या पायाशी टाकलं. "मेलेल्या बाईनं पोरं आणायची व्हय तुझी? न्हाई आणणार. जा."

भाच्यालाही ती नाव देईनाशी झाली. श्रावण चालू, नदी दुथडी भरलेली. पाणी उतरायला दसरा उजाडणार, आणि तोवर ती पोरं गुरांमागे गेली की गेली. एकदा हातात काठी आली की पाटी परत येत नाही, हे मला कुणी सांगायला नको होतं. रात्री जेवण गोड लागेना. हेडमास्तर म्हणाले, "बाई, फाडून टाका ते बाड, हात जोडा आणि मिटवा."

"हात जोडीन. फाडणार मात्र नाही." का फाडू? जांभई न देता पोरांनी वाचलेलं ते पहिलं चरित्र होतं.

रोज सकाळी मी पुस्तक घेऊन काठावर उभी राहायचे, हाका मारायचे. ती बघायचीसुद्धा नाही. पण बाजाराच्या दिवशी भाजीवाल्यांना सोडायला तिला आमच्या काठाला लागावंच लागलं. माणसं उतरली, परतीची चढली, त्यांच्यात मीही चढले आणि फळीवर बसले.

"उतर."

"नाही उतरत."

"बुडवीन हां!"

"बुडवा. मग माझंही चरित्र कुणीतरी काढील."

कुणीतरी फिस्सकन हसलं. मी तेवढ्यात बोलून घेतलं, "आजी, मेल्याची खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतं. खरं की नाही, सांगा सगळ्यांनी."

"व्हय की!" एक म्हातारा म्हणाला. "म्हातारे, जोरात वाढलं बघ तुझं!"

आता सगळी नाव हसत होती. आजीनं ओठ गच्च दाबून धरले होते, पण डोळ्यांत हसू आलंच. तिनं वल्हं पाण्यात टाकलं आणि म्हणाली, "वाच. काय लिवलंयस ते वाच तरी."

भर नदीत मी वाचायला लागले. गरगरणारी नाव दाखवली तसा तोच म्हातारा ओरडला, "आरं, ह्यो तर मीच, काठावर हसतोय त्यो!" मग पुराचं पान, मग गाभण म्हैस पलीकडे नेली ते पान. आजी वल्हं थांबवून बघत होती, नाव वाहत खाली चाललीय याचंही भान नव्हतं तिला. शेवटच्या पानावर पोरं होडीत चढत होती आणि खाली ओळ होती, "चला, बसा लवकर, शाळा भरली."

"मग मरते कुठं मी?"

"कुठंच नाही."

"मंग हार कशाला?"

"नक्षी हो ती!" मी रडकुंडीला आले होते. "नको ना? आत्ता कापून टाकते." मी पिशवीतून कात्री काढली.

तिनं माझं मनगट धरलं. त्या गाठींची पकड काय सांगू!

"कापू नगं. वरनं कागद डकव, नुसता काठाला."

"आणि खाली राहू दे?"

"ऱ्हाऊ दे. पुढं लागंल की. माझा दुसरा फोटू हाय कुठं?"

मी कात्री परत पिशवीत टाकली.

दुसऱ्या दिवशी पोरं आली, सगळी. झेंडूवर मी पांढऱ्या पट्ट्या डकवल्या, खळ फक्त काठाला लावली. पट्ट्या कोऱ्या राहतात होय! पोरांनी त्यांवर मासे काढले, बगळे काढले, एका महाभागानं मगरही काढली. त्या पुस्तकावर कितीतरी पोरं वाचायला शिकली, आणि वाचताना कुणाला जांभई आलेली मी पाहिली नाही. आजी अधूनमधून विचारायची, "माझं पुस्तक बरं हाय न्हवं?"

काही वर्षांनी माघात आजी गेली. या वेळी बातमी खरी होती. नाव हाकायला भाचा होता, पोरं येत राहिली. तेराव्याच्या आदल्या दिवशी हिंजवडीची लेक शाळेत आली. दाराशीच उभी राहिली, आत येईना.

"बाई, आयचा फोटू कुठंच न्हाई."

मी पुस्तक काढलं. कागदाखाली फूटपट्टी सरकवून एकेक पट्टी सोडवली. मासे सुटले, बगळे सुटले, मगर सुटली. खालचा झेंडू जसाच्या तसा होता, उन्हाचा कवडसासुद्धा त्याला लागला नव्हता. लेक बघत राहिली आणि मग पदर तोंडाला लावून रडली.

मी मुखपृष्ठ उसवून तिच्या हातात दिलं.

"घे," मी म्हणाले, "हार घातलेलाच आहे."