वरून ओतलेलं पाणी

पटकीच्या जुलाब-उलट्यांनी गळून गेलेला माणूस दोन्ही हातांची ओंजळ किती वेळ तोंडाशी धरू शकेल, असं तुम्हाला वाटतं?

अमरावतीच्या दवाखान्यात पाणी पाजणाऱ्या बाईने हे मला विचारलं नाही, दाखवलं. ती वलगावची माळीण. तिच्या हातचं पाणी आतल्या सगळ्यांना चाले, म्हणून तिला ठेवलेली. गोऱ्या साहेबाला वेगळी खोली, पेढीवाल्यांना खाटा आणि कापसाचे गठ्ठे वाहणाऱ्या महारांना मागच्या छपरात गवत. कापसाला सोन्याचा भाव आलेला ते दिवस! छपरात मात्र भांडं द्यायचं नाही, पाणी वरून ओतायचं, हा रिवाज. मी मरणांच्या नोंदी लिहायचो. सगळ्यांत जास्त मरणं छपरातली.

एका सकाळी तिने ओतलेलं पाणी एका तरण्या हमालाच्या छातीवरून वाहून गेलं. हात उचलतच नव्हते. ती खाली बसली, त्याचं डोकं मांडीवर घेतलं, लोटा ओठांना लावला.

"मराचं असन तं पिऊन मर, बाप्पा!"

मग शेजारचा. मग त्याच्या पलीकडचा.

आत आली तेव्हा खाटेवरचा मुनीम ओरडला, "त्यांना शिवून आलीस! तुझं पाणी नको."

"तुमची पटकी जात इचारून आली काय, मुनीमजी? नोका पिऊ. तितकंच त्याईले जास्त होईन."

चार दिवस ती तसंच पाजत राहिली. छपरातली मरणं कमी झाली. मीच लिहिलं आहे. तो हमाल उठून बसला, भाकर मागू लागला.

पाचव्या दिवशी डॉक्टरसाहेबांनी मला विचारलं, "ती त्यांना शिवली, हे खरं?"

मी म्हणालो, "खरं." का शिवली, ते बोललो नाही. तिला काढलं.

फाटकाशी ती थांबली. "काहून गप राह्यला रे बाबू? तुले तं लिवता येते."

नवी बाई पुन्हा वरून ओतू लागली. माझी लेखणी पुन्हा भराभर चालू लागली.

जातीनेही तिला वाळीत टाकलं. अकोल्याकडे रेल्वेच्या मजुरांत पटकी शिरल्याचं कळलं, तशी ती घागर घेऊन तिकडे चालत गेली. परत आली नाही. मी दोनदा जाऊन विचारलं. कुणाला तिचं नावही ठाऊक नव्हतं.

वाचकहो, हळहळून हा कागद बाजूला ठेवू नका. आजच आपल्या गावच्या दवाखान्यात जा, मागच्या दाराने. तिथे जो पडला असेल त्याच्याजवळ बसा, त्याचं डोकं उचला आणि त्याला पाजा.