पाचव्या वाफ्यातली हरळी

"हरळी दिसली की आमचा हात कुनाला इचारत न्हाई," कोंडाजी एकदा म्हणाला होता. कार्ला गावच्या भातखाचरांत वाढलेला माणूस. हरळी मुळासकट उपटायची, ती बांधावर नव्हे तर रस्त्याच्या खडीवर फेकायची. दिवसभराच्या उन्हात मरते. नाहीतर एका कांडीवरून पुन्हा शेत धरते. हे त्याला कुणी शिकवलेसुद्धा नव्हते.

तोच कोंडाजी १९३४ सालच्या थंडीत चोरून हरळी वाढवत होता.

लोणावळ्यात दिगंबरपंत वकिलांच्या बंगल्यावर तो नऊ वर्षे माळी होता. पंतांनी अलिबागला समुद्राकाठी दुसरे घर बांधले. तिथली हिरवळ तीनदा करपली. विहिरीचे पाणीच खारे. तेव्हा पंतांनी त्या पाण्याची एक बाटली, खडेमिठाचे पोते आणि मुंबईहून विकत आणलेली चार जातींची गवते कोंडाजीच्या हवाली केली. होळीपर्यंत एक तरी तगले पाहिजे. नाही तगले, तर मुंबईचा माळी येईल आणि कोंडाजीची बंगल्यामागची खोली त्याला द्यावी लागेल.

कोंडाजीने बाटलीतले पाणी जिभेवर घेतले. मग बादलीत मीठ विरघळवत, चाखत, तोच खारटपणा जुळवला. रोज तेच पाणी. महिन्यात चारही वाफे तांबडे पडले, मातीवर मिठाची पापडी धरली. पाचव्या वाफ्यात त्याने गावाकडची हरळी लावली होती. ती मात्र सरपटत राहिली. त्याने कुणाला सांगितले नाही. माळ्याने हरळी जोपासायची, याची लाज. बायको धोंडाबाई लेकीच्या बाळंतपणाला वडगावला गेलेली, तिलाही ठाऊक नव्हते.

होळीच्या आदल्या सकाळी तो पंतांना आणायला स्टेशनवर गेला. टांग्यात एवढेच म्हणाला, "एक वाफा उभा हाय, सायेब." फाटकापाशी टांग्याचे चाक कसल्याशा गवताच्या ढिगावरून गेले.

पंत हातपाय धुवायला आत वळले. कोंडाजी मागच्या अंगाला आला, तर धोंडाबाई उभी. तो स्टेशनवर गेल्यावर वडगावहून बैलगाडीने परतलेली. साहेब येणार म्हणून तिने आल्या आल्या वाफे साफ केले होते.

"माळी म्हनवता आन् वाफ्यात हरळी?" ती हसत म्हणाली. "दोन म्हैने न्हवते तर ही गत. समदी काढली, रस्त्यावर टाकली."

त्याचा चेहरा बघून तिचे हसू थांबले.

पंत आले. पाचव्या वाफ्याची सारखी केलेली माती त्यांनी काठीने उकरून पाहिली.

"हा उभा वाफा? काय होतं यात? कुणी काढलं?"

धोंडाबाईने हात पदराखाली नेले. नखांत माती होती. तिने बोलायला तोंड उघडले. कोंडाजीने मान हलवून तिला थांबवले. पंत शांतपणे म्हणाले की, परवापर्यंत खोली मोकळी करा.

ऊन फाटकापर्यंत आले होते, रस्त्यावर अजून पुरते उतरले नव्हते. कोंडाजीने रिकामी पाटी उचलली आणि फाटकाबाहेरच्या ढिगाकडे गेला.