चिलखतातल्या सिस्टर

आईचं दुखणं वाढलं तेव्हा मी पुण्याची खोली सोडून तंजावूरला परत आले. ऑफिसने घरून काम करायची परवानगी दिली होती. सामान फारसं नव्हतं. कपडे, लॅपटॉप, आणि स्पंजच्या खाचांत नीट बसवून आणलेलं एक सैन्य.

सैन्य म्हणजे अंगठ्याएवढ्या प्लास्टिकच्या शिपाईणी. टेबलावर खेळायचा एक युद्धाचा खेळ आहे. टेपने अंतर मोजून आपले शिपाई सरकवायचे आणि फासे टाकून कोण मेलं, कोण वाचलं ते ठरवायचं. त्याची गोष्ट फार दूरच्या भविष्यातली आहे. माणसं ताऱ्याताऱ्यांवर पसरली आहेत आणि जिथे तिथे लढाई चालू आहे. त्या खेळात एक सैन्य फक्त बायकांचं. मठात राहणाऱ्या, व्रत घेतलेल्या बायका. अंगावर काळं चिलखत, त्यावर लाल झगा, कमरेला जपमाळ आणि हातात बंदूक नाहीतर आग ओकणारा नळ. त्या करड्या आणि सुट्या भागांत मिळतात. हातपाय चिकटवायचे आणि रंगवायचं आपलं आपण.

मला हा खेळ पुण्यात ऑफिसातल्या चौघांनी शिकवला. रविवारी त्यांच्यापैकी एकाच्या फ्लॅटवर जमायचो. तुला कुठलं सैन्य हवं, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी हे निवडलं, कारण यातल्या बहुतेक जणी शिरस्त्राण काढून उभ्या होत्या आणि त्यांचे चेहरे दिसत होते. पुण्यात मला त्या टेबलाजवळ बरं वाटायचं. एरवी मी तोंड उघडलं की लोक थांबायचे. आमच्या घरात ‘काय हवं’ला ‘काय होणा’ म्हणतात. तसं म्हटलं की कुणीतरी हसायचं, मनात वाईट नसायचं, पण हसायचं. मग विचारायचे, "तू नक्की मराठी की तमिळ?" आमचं घराणं भोसल्यांच्या काळापासून तंजावुरात आहे, हे मी किती जणांना सांगितलं असेल! देवनागरी वाचायलासुद्धा मी पुण्यातच शिकले, दुकानांच्या पाट्यांवरून. खेळताना मात्र बोलणं कमी लागायचं. किती इंच, किती फासे, संपलं.

तंजावुरात आमचं घर राजवाड्यामागच्या गल्लीत, वरच्या मजल्यावर होतं, भाड्याचं. आईची खाट हॉलमध्ये खिडकीशी ठेवली होती आणि शेजारी जेवायचं टेबल. दुपारी ऑफिसचे कॉल नसले की मी तिथे बसून शिपाईणी रंगवायचे. आई कुशीवर वळून बघत राहायची.

"हे काय, बाहुल्या?" तिने पहिल्यांदा विचारलं.

"सैनिक आहेत, आई."

"बायका?"

"सगळ्या बायका."

तिने एक हातात घेतली, चष्म्याजवळ नेली. "एवढ्या गोऱ्या कशाला?"

खोक्यावरच्या चित्रात होत्या तशा मी रंगवल्या होत्या. दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांच्या चेहऱ्यांवर नव्याने रंग द्यायला बसले. काळसर, गव्हाळ, चिंचेसारखा तपकिरी. आई खाटेवरून सूचना करायची. हिला तुझ्या मावशीचा रंग दे. ही समोरच्या इस्त्रीवालीसारखी दिसायला लागली. त्या दिवसांत ती पुष्कळ हसली.

आईच्या पाठीला जखम झाली होती, पडून पडून. ती बांधायला रेल्वे फाटकापलीकडच्या छोट्या ख्रिस्ती मठातून एक सिस्टर यायच्या. त्या नर्स होत्या. पन्नाशी उलटलेल्या, राखाडी साडी, मागे औषधांची पेटी बांधलेली स्कूटर. त्या मूळच्या पापनाशमकडच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. आमच्याशी तमिळ बोलायच्या. काम करताना त्यांचा हात फार हलका होता. आई कधी कण्हली नाही त्यांच्यासमोर.

एकदा हात धुऊन त्या टेबलापाशी थांबल्या. "या कोण?"

मला अवघडल्यासारखं झालं. म्हटलं, "सिस्टर, या... सिस्टरच आहेत."

त्यांनी वाकून पाहिलं. कमरेची माळ, हातातला नळ. "यातून काय येतं?"

"आग."

"कुणावर?"

"जे त्यांचा धर्म मानत नाहीत त्यांच्यावर. गोष्ट तशी आहे."

त्यांनी औषधांच्या पेटीचं झाकण लावलं. मला वाटलं, दुखावल्या. मग म्हणाल्या, "आमच्या मठात आम्ही पाच जणी. आमची लढाई कुकर कुणी घासायचा यावर होते."

आई खाटेवर खुदकन हसली. सिस्टरांनी रांगेतली शेवटची मूर्ती उचलली. तिच्या हातात औषधाची कुपी होती आणि झगा पांढरा. "ही?"

"ती जखमींना बघते."

"मग हिला जेवायला वेळ मिळत नसणार," त्या म्हणाल्या आणि तिला जपून जागेवर ठेवली.

आई गेली ती सकाळी, कॉफी प्यायच्या आधी. कुंभकोणमहून, चेन्नईहून नातेवाईक आले, तेराव्यानंतर गेले. मला भाऊ नाही, बहीण नाही, वडील आधीच गेलेले. घरात मराठी बोलायला कुणी उरलं नाही हे मला लगेच कळलं नाही. काही आठवडे गेल्यावर एकदा हातातून ताट पडलं आणि मी मोठ्याने ‘अगो बाई’ म्हटलं. आवाज इतका परका वाटला की मी दचकले. ऑफिसच्या लोकांशी बोलायचे ती पुण्याची मराठी. आईशी बोलायची ती भाषा तोंडात तशीच राहिली होती, वापर नसलेली.

सिस्टरांना आता यायचं कारण नव्हतं. तरी एका शनिवारी दुपारी खाली स्कूटर थांबली. गल्लीच्या टोकाला एका म्हाताऱ्यांना इंजेक्शन द्यायला आल्या होत्या.

"कॉफी आहे का, मा?" दारातूनच विचारलं. तमिळमध्ये मायेने मुलीला असं ‘मा’ म्हणतात.

कॉफी पिता पिता त्यांचं लक्ष टेबलाकडे गेलं. शिपाईणी धूळ खात उभ्या होत्या. "हे खेळतात कसं?"

"दोघं लागतात, सिस्टर. इथे कुणी नाही."

"मी आहे ना."

माझ्याकडे सैन्य एकच होतं. मी दोन भाग करायला निघाले तर त्यांनी हात धरला. "सिस्टरच सिस्टरांना मारणार? नको." मग मी आईच्या शिवणाच्या डब्यातली बटणं काढली. बटणं म्हणजे शत्रू. स्टीलचे डबे म्हणजे पडक्या इमारती. बटणं मी घेतली, शिपाईणी त्यांना दिल्या.

त्यानंतर शनिवार ठरून गेला. त्या खेळायच्या अगदी वाईट. कुणाला पुढे पाठवायचं म्हटलं की त्यांचा हात अडायचा. या सैन्याला खेळात एक खास सवलत असते. काही फासे आधीच टाकून बाजूला ठेवता येतात आणि पुढे हव्या त्या क्षणी वापरता येतात. त्यांना चमत्काराचे फासे म्हणतात. एकदा सिस्टरांकडे एक सहा राखून ठेवलेला होता. तो वापरून त्यांची सेनापतीण माझं मोठं काळं बटण पाडू शकली असती आणि डाव संपला असता. मी त्यांना तसं सांगितलंही. पण त्याच वेळी मागे डब्याशी उभी असलेली एक साधी शिपाईण मरणार होती. त्यांनी सहा तिच्यासाठी खर्च केला.

"सिस्टर, तुम्ही हरलात!"

"हरू दे. ती तिथे एकटीच होती."

मेलेल्या शिपाईणी पटावरून काढून आडव्या ठेवायची माझी सवय. सिस्टर प्रत्येकीला उचलून ताटलीत उभी करायच्या. बोलायच्या कमी. एकदाच, टेप गुंडाळताना म्हणाल्या, "लोकांना वाटतं, मठात पाच जणी, म्हणजे सोबतच सोबत. सकाळपासून बाकीच्या चौघी आपापल्या कामाला जातात. रात्री सगळ्या दमलेल्या. तुझ्याकडे येते तेव्हा आठवड्यात पहिल्यांदा बसते मी." मी उठले. कॉफी पुन्हा गरम करून आणली.

पोंगलनंतरच्या एका शनिवारी त्या आल्या आणि टेबलाशी बसल्या नाहीत. उभ्याच राहून म्हणाल्या, "बदली झाली, मा. झारखंडला. तिथल्या डोंगरात आमचा दवाखाना आहे."

"कधी जायचं?"

"या गुरुवारी."

"तुम्हाला नाही म्हणता येत नाही?"

"येतं. पण मी म्हटलं नाही."

मला राग आला. तो कुणावर होता ते मला आजही नीट सांगता येणार नाही. मी बटणं गोळा करून डब्यात टाकायला लागले. त्यांनी मला टाकू दिली. मग खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "एक डाव खेळू या. मांड परत."

आम्ही खेळलो. कोण जिंकलं ते लक्षात नाही. निघताना मी ती पांढऱ्या झग्याची, कुपीवाली मूर्ती त्यांच्या हातात ठेवली. "ही तुम्ही न्या."

त्यांनी ती उजेडात धरली. तिचा चेहरा मी आईच्या सांगण्यावरून गडद तपकिरी रंगवला होता. बराच वेळ बघत राहिल्या. मग माझा हात उलटा करून तळव्यावर तिला उभी केली.

"आम्हाला स्वतःचं काही ठेवता येत नाही, मा. ही नेली तर मठाची होईल. कुठल्यातरी कपाटात जाईल, आणि पुढच्या वेळी मी तिला तिथेच सोडून जाईन. तुझ्याकडे असली की मला ठाऊक असेल, कुठे आहे."

गुरुवारी मी स्टेशनवर गेले. मठातल्या चौघी आल्या होत्या, शिवाय दवाखान्यात येणाऱ्या कितीतरी बायका, पोरंबाळं. सगळ्यांचा त्यांच्याभोवती गराडा. मी पाण्याच्या नळाजवळ उभी राहिले. माझं त्यांच्याशी काय नातं सांगायचं, तेच मला कळत नव्हतं. गाडी आल्यावर त्यांनी मला शोधून काढलं. घाईत माझ्या गालाला हात लावला, म्हणाल्या, "वेळेवर जेव," आणि डब्यात चढल्या. गाडी हलली तेव्हा त्यांनी हात केला. तो आम्हा सगळ्यांनाच होता.

पहिले काही महिने त्यांचा फोन यायचा. तिथे थंडी आहे, डाळीत चिंच घालत नाहीत, हिंदी अजून जमत नाही. आवाज तुटायचा. मग त्या आणखी आतल्या गावाला गेल्या, तिथे टेकडीवर चढल्याशिवाय फोन लागत नव्हता. फोन कमी झाले.

शनिवारी मी दोन्ही बाजूंनी एकटीच खेळून बघितलं. ते होत नाही. बटणं काय करणार ते शिपाईणींना आधीच ठाऊक असतं. मधल्या काळात ऑफिसने पुण्याला परत बोलावलं, मी नको म्हटलं. का म्हटलं, ते वरिष्ठांना सांगता आलं नाही. इथे माझं कुणी आहे असंही नाही. पण आईची गल्ली होती, दुपारचा उजेड ओळखीचा होता.

मग एका संध्याकाळी मोबाइलवर शोधताना कळलं की तिरुचीत हा खेळ खेळणारे काही जण आहेत. एका रविवारी शिपाईणी पिशवीत घालून बसने गेले. हॉटेलच्या वरच्या खोलीत चार टेबलं मांडली होती. मला जोडीदार म्हणून बँकेत काम करणारे एक गृहस्थ मिळाले. माझ्याच वयाचे, फार सभ्य. प्रत्येक चालीआधी "घेऊ का?" असं तमिळमध्ये विचारायचे. माझ्या शिपाईणींचे चेहरे पाहून म्हणाले, "या आपल्याकडच्या वाटतात." मी "हो" म्हटलं. आणखी काही सांगावंसं वाटलं नाही.

मी जिंकले. या शिपाईणी घेऊन पुण्यातसुद्धा मी कधी जिंकले नव्हते. त्यांनी हात जोडून अभिनंदन केलं, आपलं सैन्य आवरलं आणि बायको वाट बघत असेल म्हणून निघाले. बाकीच्या टेबलांवर डाव चालू होते. मी थोडा वेळ उभी राहिले आणि बसस्टँडवर आले.

बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. फोन काढून सिस्टरांना मेसेज लिहिला, तमिळमध्ये, एकच शब्द: जिंकले. पाठवला. एक टिक उमटली. बाहेर भाताची शेतं, मग वीटभट्ट्या, मग दिवे लागलेली गावं. तंजावूरच्या स्टँडला बस लागली तेव्हाही टिक एकच होती. मी उतरले, कोपऱ्यावरच्या दुकानातून सकाळसाठी दुधाची पिशवी घेतली आणि घरी चालत निघाले.